नळ आला गं: एका शोकगीताची घडण

नोव्हेंबर २०२२ मधल्या एका गुरुवारी काका माझ्याकडे आले ते हातात वही घेऊनच. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्यापासून चालत दहा मिनिटांवर माझं घर आहे आणि पुढच्या खोलीत मी गाणं शिकवते. काका बँकेतून निवृत्त झालेले, वय ६१, भजनी मंडळात पेटी वाजवणारे. चपला काढता काढता म्हणाले, "ताई, हिच्यावर एक गाणं केलंय. तेवढी चाल लावून द्या."

ही म्हणजे काकू. एप्रिल २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, आधी काकांचे थोरले भाऊ गेले आणि नवव्या दिवशी काकू. दीड वर्ष उलटलं होतं. काका कुणापुढे रडले नव्हते.

काका आणि त्यांची लेक या दोघांनी हे लिखाण वाचून परवानगी दिली आहे. ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत. गाण्याच्या ओळी मात्र जशाच्या तशा ठेवल्या आहेत, कारण जे घडलं ते त्या ओळींतच घडलं.

मी समुपदेशक नाही. माझी एक मैत्रीण मानसशास्त्रज्ञ आहे आणि घरातलं माणूस गेलेले काही जण तिच्याकडून माझ्याकडे गाण्यासाठी येतात. प्रत्येकाबद्दल आम्ही दोघी दर पंधरवड्याला बोलतो. काका थेट आले होते, तरी त्यांच्या संमतीनं मी तिला पहिल्याच आठवड्यात सगळं सांगितलं.

तेव्हा काय झालं होतं

दोघांचंही शेवटचं दर्शन काकांना झालं नाही. स्मशानात रांग, पीपीई किट घातलेली अनोळखी माणसं, लांबून केलेला नमस्कार. दहावा-तेरावा उरकला तो काका, गुरुजी आणि पुण्याहून मोबाइलवर बघणारी लेक, एवढ्यांत.

यावर मला जरा थांबून लिहायचंय. आपल्याकडे माणूस गेलं की तेरा दिवस घर रिकामं राहत नाही. शेजारून पिठलं-भात येतो, आत्या-मावश्या सतरंजीवर बसून राहतात, आणि येणारा प्रत्येक जण तेच विचारतो, "कसं झालं हो?" पहिल्या दिवशी सांगताना शब्द फुटत नाही. पाचव्या दिवशी तीच हकीकत थोडी सांगता येते. तेराव्यापर्यंत तिला सुरुवात असते, मध्य असतो, शेवट असतो. कुणी मुद्दाम शिकवत नाही, पण दुःखाची गोष्ट बांधायचं काम त्या दिवसांत होतं. काकांना "कसं झालं" असं विचारायला उंबऱ्यात कुणी आलंच नाही. फोन आले, पण फोनवर लोक लवकर आटपतात, आणि त्या दिवसांत तर प्रत्येकाच्याच घरात कुणीतरी आजारी होतं.

त्यांचं वजन बरंच उतरलेलं होतं. पहाटे पाचला जाग यायची आणि मग डोळ्याला डोळा लागायचा नाही. बोलता बोलता ते म्हणाले, "आता काय उरलंय, ताई." मी सरळ विचारलं, "काका, जीव द्यावासा वाटतो का?" ते नाही म्हणाले, आणि विचारलं म्हणून त्यांना बरंच वाटलं असावं, कारण त्यानंतर ते झोपेबद्दल मोकळेपणानं बोलले. मैत्रिणीचं मत पडलं की गाणं गाण्याच्या जागी ठीक आहे, पण आधी मनोविकारतज्ज्ञांना दाखवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या सूचीत दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाला स्वतंत्र नाव आहे. सहा महिन्यांनंतरही तीव्र ओढ कमी होत नसेल आणि रोजचं जगणं अडत असेल तर ते तपासावं लागतं. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या २०२२ च्या सुधारित सूचीत मोठ्यांसाठी हीच मुदत वर्षभराची आहे. काका दाखवून आले. झोपेसाठी थोडे दिवस गोळी मिळाली. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर आदल्याच महिन्यात, ऑक्टोबरात सुरू झाला होता, तो मी त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून दिला.

पहिलं गाणं

वहीत आठ कडवी होती. सुरुवात अशी:

तू गृहलक्ष्मी, वात्सल्यमूर्ती,
तुजवाचुनी ही शून्य सृष्टी

पुढे त्यागाची देवता, तेवणारी समई, संसाराचा आधार. कुठलाही शब्द खोटा नव्हता, पण त्यांतून मला काकू दिसत नव्हत्या. आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी घरांत राजकवी तांब्यांचा मान मोठा. कविता म्हटली की भाषा उंच व्हायलाच हवी, असं आमच्या मागच्या पिढ्यांच्या मनात घट्ट बसलंय. शिवाय गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं, हाही संस्कार. मी पेटीवर दोन-तीन चाली वाजवून दाखवल्या. काका मान डोलवत होते, पण त्यांचा आवाज सपाट होता, सत्यनारायणाच्या पूजेत नावं वाचावीत तसा.

गाणं रचून घेण्याच्या काही ठरलेल्या पद्धती संगीतोपचारात वापरतात. तयार गाण्यातले शब्द गाळून रिकाम्या जागा त्या माणसाकडून भरून घ्यायच्या, किंवा ओळखीच्या चालीवर नवे शब्द बसवायचे, किंवा शब्द-चाल दोन्ही कोरी करायची. काकांना चालींची काही कमी नव्हती, म्हणून मी शब्दांपासून धरलं. त्यांना घरी एकच काम दिलं: "काकूंचा एक आवाज लिहून आणा. त्या काय बोलायच्या ते नको. घरात त्यांचा कुठला आवाज व्हायचा, तो आणा."

पुढच्या गुरुवारी ते रिकाम्या हातांनी आले. त्याच्या पुढच्या गुरुवारी आले आणि बसायच्या आधीच बोलू लागले. उन्हाळ्यात तिघरा धरणाचं पाणी उतरलं की आमच्याकडे नळ एकाआड एक दिवस येतो. गल्लीत कुणीतरी ओरडतं, "नल आ गए!" काकूंना त्या हाकेची गरज नसायची. नळात आधी हवा खरखरते, त्या खरखरीनंच त्या उठायच्या. मग लोखंडी बादलीची कडी, बादलीच्या काठावर बांगडी, पाण्याच्या धारेचा आधी पत्र्यावर आणि मग पाण्यात पडल्याचा आवाज. बादली किती भरली हे काकांना अंथरुणातून कळायचं. "भरत आली की धारेचा सूर चढतो ना, ताई," ते म्हणाले, आणि पेटी पुढे ओढून पंचमावरून धैवतावर, म्हणजे प वरून ध वर, बोट नेऊन दाखवलं.

त्या संध्याकाळी ते पहिल्यांदा रडले. मी दार लोटून घेतलं आणि पुढच्या मुलींना अर्ध्या तासानं या म्हणून सांगितलं.

मुखडा

आठवडाभरात मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ, आला तो असा:

नळ आला गं, ऊठ, भरूया

तोवर काकूंबद्दल सगळं "ती" होतं किंवा ते देव्हाऱ्यासमोरचं "तू" होतं. इथे पहिल्यांदा नवरा बायकोशी बोलतो तसं "गं" आलं. काकांनी आयुष्यात काकूंना नावानं हाक मारली नव्हती, त्यांच्या तोंडी "अगं"च असायचं.

आता तालाचं बघा. ऱ्हस्व अक्षराची एक आणि दीर्घाची दोन असं मोजलं तर "नळ आला गं" यात बरोबर आठ मात्रा आहेत. त्रिताल सोळा मात्रांचा. त्यात खालीपासून, म्हणजे नवव्या मात्रेपासून, मुखडा उचलला की आठ मात्रा भरतात आणि सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, येते ती थेट "ऊठ" या शब्दावर. काकांनी हे मोजून केलं नव्हतं. वर्षानुवर्षं भजनात पेटी धरलेल्या माणसाच्या अंगात सम असते. पण गाताना प्रत्येक आवर्तनाला तबल्याचा "धा" आणि "ऊठ" एकदम पडायचे, आणि दर वेळी ती उठणार नाही हे काकांना नव्यानं ऐकू यायचं. पहिले काही दिवस त्यांना मुखड्याच्या पुढे जाताच आलं नाही. वीस-वीस मिनिटं ते तेवढीच ओळ गात. मी ठेका धरून बसायची आणि काही सुचवायची नाही.

मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा तिनं मार्गारेट श्ट्रोबे आणि हेंक शुट यांच्या १९९९ च्या मांडणीबद्दल सांगितलं. शोकात असलेलं माणूस दुःखाकडे जातं आणि तिथून परत रोजच्या कामांकडे येतं. हे जाणं-येणं चालू राहणं म्हणजेच सावरणं, असं ते दोघं म्हणतात. शोकाच्या पाच पायऱ्या पुष्कळांना पाठ असतात, पण एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये त्या मांडल्या त्या मुख्यतः स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना त्या नंतर लागू केल्या गेल्या. मला श्ट्रोबे-शुट यांचं जाणं-येणं लगेच पटलं, कारण बंदिश अशीच असते. अंतऱ्यात वर जायचं, तार षड्जाला हात लावायचा, आणि मुखडा पकडून समेवर यायचं. काका कधी कधी दोन आठवडे यायचे नाहीत. गॅसचं कनेक्शन नावावर करायचं होतं, बँकेत वारसाचे कागद द्यायचे होते. ते टाळतायत असं मला वाटायचं. मैत्रीण म्हणाली, तेही हवंच आहे, येऊ दे त्यांना त्यांच्या लयीनं. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या सकाळी समाधीपाशी ढोलीबुवांची हरिकथा आणि मिलाद असतो. तीन वर्षांनी काका पुन्हा तिथे जाऊन बसले. त्या आठवड्यात आम्ही गाण्याचं नावही काढलं नाही.

माझी चूक

जानेवारीत अंतरा झाला.

पाच वाजता जाग येते,
तुझी बांगडी वाजत नाही;
बादली भरून वाहते,
हात नळाशी जात नाही.

पहिल्या ओळीत पंधराच मात्रा आहेत. शिकवणारीचा हात गप्प बसत नाही. मी ती "पहाटवेळी जाग ये मला" अशी सोळा मात्रांची करून दिली. आणखी एक केलं. काकांनी चाल धरली होती भूपाच्या स्वरांत: सा रे ग प ध, मध्यम आणि निषाद नाहीत. भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा राग, आणि गाणं पहाटे पाचचं. त्यातून भूप प्रसन्न. मी म्हटलं, जोगिया घेऊ, करुण आहे, सकाळचा आहे. कोमल रिषभ लावून दाखवला. छान लागला होता.

काकांनी वही मिटली. "ताई, नळ पाचला येतो. पहाटवेळी नाही येत." एवढंच बोलले आणि त्यानंतर तीन आठवडे आले नाहीत.

मला त्या तीन आठवड्यांत झोप लागली नाही. दीड वर्षानं एका माणसाला त्याच्या बायकोशी बोलायला स्वतःचे शब्द सापडले होते आणि मी ते पुसून माझे शब्द लिहिले होते. त्यांच्या फोनमधून पाठवलेली जुनी ध्वनिफीत मी पुन्हा पुन्हा ऐकली. मग एका रात्री लक्षात आलं की काका भूपासारखे गंधारावर, म्हणजे ग वर, थांबतच नाहीयेत. ते दर वेळी धैवतावर विसावतात आणि तिथून पंचमावर उतरतात. भूपाचेच पाच स्वर घेऊन धैवताला वादी, म्हणजे मुख्य स्वर, केलं की तो देसकार होतो, आणि देसकार सकाळचाच राग. बादली भरत आल्यावर चढणारा तो सूर त्यांनी नळाचं सांगताना मला पेटीवर दाखवला होता, पंचमावरून धैवतावर. चाल तिथूनच आली होती.

मी त्यांच्या घरी गेले, माफी मागितली आणि हे सगळं वाजवून दाखवलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे चुकलं नव्हतं माझं." ओळ मूळचीच ठेवली. कमी पडणारी मात्रा ते "जाग" लांबवून भरतात. प्रसन्न रागात हे गाणं जास्त लागतं, असं आता माझं मत झालंय. काकू सकाळी प्रसन्नच असायच्या.

लेकीचा अंतरा

फेब्रुवारीत काकांनी गाणं लेकीला पाठवलं. तिनं ऐकल्याच्या निळ्या खुणा आल्या, पण चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी फोन आला आणि काकांनी तो माझ्यासमोर स्पीकरवर घेतला. लेक म्हणाली, "भरूया? बाबा, तुम्ही कधी भरलंत? आई कंबर धरून बादल्या उचलायची आणि तुम्ही कूस बदलायचात."

मला वाटलं, सगळं मोडलं. मी मध्ये काही बोलणार तेवढ्यात काकांनीच हातानं थांबवलं. "बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. त्या रात्री त्यांनी दोन ओळी लिहिल्या:

चौतीस वर्षं तूच उठलीस,
मी कुशीवर वळत होतो.

गृहलक्ष्मी, वात्सल्यमूर्ती हे सगळं कशावर पांघरूण घालत होतं, ते मला तेव्हा कळलं. काकांना काकूंची आठवण छळत होती त्याहून जास्त ही न उचललेली बादली छळत होती, आणि स्तुतीच्या कडव्यांत तिला जागाच नव्हती.

लेकीनं त्या ओळी ऐकल्या आणि आठवड्यानं स्वतःचा अंतरा पाठवला. तिनं कधी कविता केलेली नव्हती.

फोन तुझा मी घेतला नाही,
रविवारचा तो राग होता;
जेवलीस का, एवढंच तुझं
विचारायचं बाकी होतं.

काकू दवाखान्यात जायच्या आधीच्या रविवारची ही गोष्ट. माय-लेकीचं नोकरी बदलण्यावरून वाजलं होतं. ही गोष्ट काकांनाही माहीत नव्हती. दोघं बापलेक ते वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळं, दोन वर्षं धरून बसले होते.

इथे मला आपल्या जात्यावरच्या ओव्या आठवतात. गी पॉइटव्हँ आणि हेमा राईरकर यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत आईवर, भावावर, गेलेल्यांवर किती आहेत! जात्यावर समोरासमोर दोघी बसत. एकीनं ओवी टाकली की दुसरी तिला जोडून आपली ओवी टाकायची. सासूबद्दलची, माहेराबद्दलची, एरवी तोंडावर न येणारी गोष्ट ओवीत चालायची, कारण हात कामात असायचे आणि जातं फिरत असायचं. बापलेकीच्या बाबतीत जात्याचं काम त्रितालानं केलं असं मी समजते. एकमेकांशी सरळ बोलले असते तर पहिल्या वाक्याला भांडण झालं असतं.

नातेवाईक काकांना सारखं सांगत, "आता विसरा, मन दुसरीकडे लावा." १९९६ मध्ये डेनिस क्लास, फिलिस सिल्व्हरमन आणि स्टीव्हन निकमन यांनी संपादित केलेल्या पुस्तकातून वेगळा विचार पुढे आला. गेलेल्या माणसाशी नातं तोडावं लागत नाही, ते बदललेल्या रूपात चालू राहतं आणि त्यात आजार काही नाही. काकांना मी हे सांगितलं तेव्हा त्यांना नवल वाटलं नाही. म्हणाले, "ज्ञानोबांनी समाधी घेतल्यावर नामदेवांनी अभंगच केले ना? विसरायला थोडेच केले?"

तिथीला

एप्रिल २०२३ मध्ये काकूंच्या तिथीला लेक आली. गुरुजी जेवून गेल्यावर सतरंजी घातली. शेजारची दोन कुटुंबं, मंडळातले तिघं-चौघं आणि मी. काकांनी पेटी धरली आणि लेकीनं तिचा अंतरा स्वतः म्हटला. ती बेसूर झाली, कुणी काही म्हणालं नाही. गाणं संपल्यावर शेजारच्या काकींनी पदरानं डोळे पुसले आणि हिंदीतच विचारलं, "भैया, हुआ कैसे था?" दोन वर्षांनी काकांना हा प्रश्न कुणी समोर बसून विचारला. त्यांनी सगळं सांगितलं: ऑक्सिजनसाठी केलेले फोन, रुग्णवाहिकेत चढताना काकूंनी गॅस बंद केलाय का हे विचारलेलं, सगळं. तासभर तरी लागला असेल. कुणी उठलं नाही.

गाण्यानं काय झालं आणि औषधानं, काळानं, लेकीच्या येण्यानं काय झालं, हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. काकांची गोळी डॉक्टरांनी उन्हाळ्याआधीच बंद केली होती. वजन थोडं भरलं. पाचला जाग अजूनही येते. आता ते उठतात, पाणी भरतात, आणि नळाच्या दिवशी सकाळी क्लासला यायचं असेल तर मला आदल्या रात्रीच निरोप येतो: उद्या नळ आहे, उशीर होईल.

थोरल्या भावावरचं गाणं मात्र झालेलं नाही. काकांना पेटी त्यांनीच शिकवली. वहीच्या मागच्या पानावर दोन ओळी आहेत, खाडाखोड केलेल्या, आणि त्या मला वाचायची परवानगी नाही. पुन्हा घाई होऊ नये म्हणून मी कित्येक महिने त्याबद्दल विचारलं नाही. परवा न राहवून विचारलं, तर काकांनी पेटीचा भाता सोडवत म्हटलं, "दादाचं सावकाश होऊ दे, ताई. लय वाढवली की तो माझ्या हातावर हात ठेवायचा."